अकरा घरांचा जावई

प्रिय टिटवे,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकली असशील. घाबरू नकोस, शिव्या द्यायला लिहीत नाहीये. त्या मी गेल्या दीड वर्षात भरपूर दिल्या, लॉन्ड्रीतल्या चादरींना. बिचाऱ्या निमूट ऐकून घेतात. मला वाटलं होतं, बोलून बोलून राग उतरेल, निदान दमेल तरी. तसं काही झालं नाही. तू नेहमी म्हणायचीस, बुटक्या माणसाचा राग लवकर डोक्यात जातो, कारण त्याला अंतरच कमी कापावं लागतं. जातो लवकर, हे खरं आहे. पण गेला की तिथेच बिऱ्हाड करतो, हे मला या वयात कळलं.

आधी घरची खबर देते, म्हणजे तुला पुढचं वाचवेल. मुलगी बरी आहे. गेल्या महिन्यात तिला सतरा पूर्ण झाली. लॉन्ड्रीत मोठ्या इस्त्रीवर उभी असते, खिडकीकडच्या दुसऱ्या मशीनवर, म्हणजे जिथे तू उभी राहायचीस तिथेच. मुकादमीण तिच्यावर खूश आहे. म्हणते, पोरगी मशीनकडे नुसतं बघून सांगते, या पाळीत किती चादरी निघतील आणि किती उरतील. ती हे कौतुकाने सांगते. गणितात कायम पहिली येणारी मुलगी चादरी मोजते, आणि मी शेजारी उभी राहून उशांचे अभ्रे उलटे करते. शाळेचं शेवटचं वर्ष होतं गं तिचं. परीक्षेला चार महिने राहिले असताना तिने दप्तर कपाटावर टाकलं आणि सकाळच्या पाळीला माझ्यासोबत निघाली. मी तिला अडवलं नाही. माझ्या एकटीच्या पगारात घराचं भाडं निघायचं, पण मग पोटाला काय घालणार होते?

तुझी जागा तिला मिळाली, पण चादरीची घडी मात्र मी तिच्याबरोबर घालत नाही. ते काम दोघींचं. तू एक टोक धरायचीस, मी दुसरं, झटका द्यायचा, चार पावलं पुढे यायचं, टोकं जुळवायची, परत मागे जायचं. चौदा वर्षं आपण दिवसभर अशा एकमेकींकडे चालत आलो. त्यात आपण सगळं बोललो. माझा नवरा गेला तेव्हा मी रडले ते तुझ्याकडे येताना, आणि डोळे पुसले ते मागे जाताना. तुझा संसार मोडला तेव्हाही आपल्याला चादरीच होत्या. आता एक नवीन बाई माझ्यासमोर असते. चांगली आहे, पण झटका देताना तिचं टोक सुटतं.

तुला पाहणीबाईची, म्हणजे सरकारी मदत घेणाऱ्या घरांची तपासणी करायची, नोकरी लागली तेव्हा सगळ्या इमारतीत मी पेढे वाटावेत तशी बातमी वाटत फिरले होते. सरकारने मदतीला नाव मोठं गोड दिलं होतं, हातभार. नवरा नसलेल्या, कमाई तोकडी असलेल्या घरांना दरमहा मिळणार, मुलांची शाळा सुटू नये म्हणून. आपल्या इमारतीतली अकरा घरं त्यात बसली. मग ती हिरवी पुस्तिका आली. मदत हवी तर असं वागा. मुलाची हजेरी शंभरात नव्वद पाहिजे. दर तीन महिन्यांनी दवाखान्यात वजन. आईने दर बुधवारी पालकवर्गाला बसायचं, एकदा चुकलं तर ताकीद, तीनदा चुकलं तर हातभार बंद. त्या वर्गात एक तरुण मुलगी आम्हाला साबणाने हात कसे धुवावेत ते शिकवायची. आमचे हात सकाळपासून साबणातच. गेलेल्या रंगाऱ्याच्या बायकोने तिला आपले तळवे दाखवून विचारलं, “बाई, आता धुऊ की हाडं दिसेपर्यंत थांबू?” तर तिच्या नावापुढे ‘असहकार’ असा शेरा पडला. त्या शेऱ्यावर तू आणि मी आठवडाभर हसलो होतो. तेव्हा हसता येत होतं, कारण पाहणी करणारी बाई आपलीच होती.

आणि नववी अट, अभ्यासकोपरा. प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र टेबल, खुर्ची आणि दिवा. खोल्या आपल्या केवढ्या, ते तुला सांगायला नको. एका खोलीत गादी अंथरली की दार उघडत नाही. तुझ्या पहिल्याच फेरीत रंगाऱ्याच्या बायकोकडे कोपरा नाही म्हणून तुला नापासचा शिक्का मारावा लागणार होता. तू माझ्याकडे धापा टाकत आलीस. मला तो क्षण डोळ्यांसमोर दिसतो, तुझ्या गळ्यात ते नवीन ओळखपत्र होतं आणि ते तू पाठीवर फिरवलं होतंस. म्हणालीस, “बुटके, बाबांचं टेबल तासाभरासाठी वर ने. मी आत्ता खालच्या मजल्यावरून सुरुवात करते.” तुझ्या बाबांचं टेबल, ज्यावर त्यांनी आयुष्यभर पुस्तकं बांधली. नवीन घराच्या जिन्यातून ते वर जाईना म्हणून तू माझ्याकडे ठेवलं होतंस. मी घाबरले होते, हेही तुला आठवत असेल. तू म्हणालीस, खोटं कुठे आहे यात, टेबल तर खरंच आहे ना?

तिथून त्या टेबलाचा दौरा सुरू झाला. त्याला ‘जावई’ हे नाव कुणी ठेवलं, तूच ना? ज्या घरी जातो तिथे त्याला वाट मोकळी करून द्यायची, घासूनपुसून बसवायचं, त्याच्याकडून कामाची अपेक्षा करायची नाही आणि गेला की सुटकेचा श्वास सोडायचा. आदल्या दिवशी तुझा फोन यायचा, “जावई उद्या तिसऱ्या मजल्यावर.” आम्ही चौघी त्याला उलटा, त्याचे पाय वर करून जिन्यातून न्यायचो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो दरवेळी अडायचा, मग उभा करायचा, एक पाय कठड्यातून बाहेर काढायचा, आणि कुणीतरी म्हणायचं, जावयाचे नखरे काही संपत नाहीत. एकदा त्या वळणावर त्याचा एक पाय मोडला. सुताराने लोखंडी पट्टी ठोकून दिली. गंमत म्हणजे तीन वर्षांत त्या टेबलावर एकाही मुलाने पुस्तक उघडलं नाही. डाग पडेल, ओरखडा उठेल, उद्या दुसऱ्या घरी जायचंय, म्हणून त्याच्यावर कपसुद्धा ठेवू द्यायचो नाही. माझी मुलगी ओट्यापाशी उभी राहून गणितं सोडवायची, एका बाजूला पोळपाट सरकवून. तिला बसून अभ्यास होतच नसे. पण पाहणीसाठी तू काढलेल्या फोटोत ती टेबलाशी बसलेली आहे, दिवा लावून, दिवसाढवळ्या.

आता त्या मंगळवारबद्दल. सोमवारी तुझा फोन आला. जावई उद्या चौथ्या मजल्यावर, सकाळी दहाला. आवाज तेवढा तुझा जरा बसका होता. मी विचारलंसुद्धा, घसा बसलाय का गं, आल्याचा तुकडा चघळ. मंगळवारी पावणेदहाला आम्ही चौघी पहिल्या मजल्यावरच्या घरातून टेबल घेऊन दुसऱ्या मजल्याच्या वळणावर होतो, ते उभं केलेलं, पाय कठड्यातून बाहेर, माझं डोकं त्याच्या खाली. वरून पावलं वाजली. वरच्या कचेरीतला एक साहेब, हातात फोन, फोटो काढतोय. त्याच्यामागे तू. मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? मला वाटलं, बिचारीला धरून आणलं. तुझ्या तोंडाकडे बघून मला तुझीच दया आली.

संध्याकाळी तुझा फोन आला. म्हणालीस, “उद्या सुनावणी आहे. माझं नाव घेऊ नकोस. माझी नोकरी गेली तर आईच्या औषधांचं काय होईल, तुला माहितीये. तू सगळं तुझ्यावर घे, बाकीच्या दहाजणी वाचतील, आणि महिन्याभरात मी तुला यातून काढते. तुझी शपथ.” मी तुला विचारलंही नाही की कशी काढशील. लहानपणी कुंपणावर चढताना तू हाताची ओंजळ करायचीस आणि मी त्यात पाय ठेवायची, तेव्हा कधी विचारलं होतं?

सुनावणीच्या खोलीत एक पंखा आणि तीन खुर्च्या. साहेबांनी विचारलं, ही कल्पना कुणाची? मी म्हटलं, माझी. बाकीच्यांना कुणी सांगितलं? मीच. पाहणीबाईंना माहीत होतं? नाही, त्या बिचाऱ्या भोळ्या. साहेबांनी लिहून घेतलं, माझी सही घेतली. मग फाइलमधून दुसरा कागद काढला आणि दोन्ही शेजारी धरून म्हणाले, “जुळतंय सगळं.” मी विचारलं, कशाशी? त्यांनी वाचून दाखवलं. तुझा जबाब. इमारतीतल्या अमुक बाईने इतर कुटुंबांना फितवलं, शासनाची आणि माझी फसवणूक केली, ती माझी बालमैत्रीण असल्यामुळे हे लिहिताना मला यातना होत आहेत. खाली तारीख. टेबल पकडलं त्याच्या नऊ दिवस आधीची.

मी बोटांवर मोजलं. नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत एका रविवारी तू माझ्याकडे आली होतीस, माझ्या हातचा चहा प्यायलीस, मुलीला परीक्षेसाठी नवीन कंपास दिलास आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवलास. जबाब देऊन झालेला होता तेव्हा. आणि सोमवारी ज्या शब्दाने आपण तीन वर्षं अकरा घरं तारली, त्याच शब्दाने तू मला जिन्यात बोलावलंस. टिटवे, जबाब दिलास त्याचं मी एक वेळ समजून घेतलं असतं. माणूस बुडायला लागला की हाताला लागेल ते धरतो. पण संध्याकाळचा तो फोन कशासाठी होता? तुझ्या कागदावर माझ्या तोंडाने शिक्का मारून हवा होता, एवढ्यासाठीच ना? मी केसाने गळा कापणं ऐकलं होतं. चहा पिऊन, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून गळा कापतात, हे तू दाखवलंस.

दहाजणी वाचल्या, एवढं तुझं खरं झालं. त्यांना ताकीद मिळाली आणि एक महिन्याची मुदत. सगळ्यांनी कुठून कुठून फळ्या मिळवल्या आणि अभ्यासकोपरा म्हणून भिंतीला ठोकल्या. आता जिन्यात भेटल्या की त्यांना एकदम पिशवीत काहीतरी शोधायचं असतं. माझा हातभार दीड वर्षासाठी बंद, ‘सूत्रधार’ म्हणून. लॉन्ड्रीत बुटकी आणि कागदावर सूत्रधार, बढतीच म्हणायची. टेबल पुरावा म्हणून घेऊन गेले. मध्यंतरी एका शिक्क्यासाठी मदतकेंद्रात गेले होते, तर व्हरांड्यात तेच टेबल, लोखंडी पट्टीचं, आणि त्यावर चहाची किटली आणि उष्टे कप. मी पदराने एक कोपरा पुसला आणि बाहेर आले.

तुझ्या आईने मला सगळं सांगितलं. तुला हे माहीत नसेल. गेल्या थंडीत काकू एकट्या चार मजले चढून आल्या, प्रत्येक मजल्यावर पायरीवर बसत बसत. वर आल्यावर आधी तांब्याभर पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, “वरच्या कचेरीने अकरा फोटोंत एकच पट्टी पाहिली. हिला बोलावून सांगितलं, एक नाव दे, नाही तर तुझंच लिहितो. तिने तुझं दिलं. तू समजून घेशील म्हणाली.” त्या रडत होत्या आणि माझी मुलगी त्यांचे पाय चोळत होती. लहानपणी माझी आई आजारी असायची तेव्हा काकूंनीच मला दोन वेळा जेवू घातलंय, तुझ्याच ताटात. त्यांच्यावर मला रागावता आलं नाही. पण ‘तू समजून घेशील’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. दहाजणींतल्या कुणाचंही नाव देता आलं असतं. माझं दिलंस, कारण मी ओरडणार नाही याची तुला खात्री होती. माझ्या मैत्रीचा तुला एवढाच उपयोग सुचला.

पुढच्या महिन्यात माझी बंदी संपतेय. मी पुन्हा अर्ज करू शकते. शाळेच्या मोठ्या बाईंनी शब्द दिलाय, मुलगी याच सत्रात आली तर शेवटच्या वर्गात बसवून घेते, त्यानंतर वयाची अट आडवी येईल. म्हणजे हीच एक वेळ, यानंतर नाही. मुलीने कपाटावरचं दप्तर खाली काढलंय. काल अभ्यासाला बसली, म्हणजे ओट्यापाशी उभी राहिली, आणि आधी शिकलेलं विसरलंय की काय म्हणून घाबरली होती. तासाभराने तिकडून गुणगुणण्याचा आवाज आला. दीड वर्षाने आला तो आवाज.

आणि परवा ती लॉन्ड्रीतून येताना तुझा कागद घेऊन आली. फाटकाशी टिटवीमावशी उभी होती म्हणाली, आत यायला तयार नव्हती. पाहणीबाया काढून टाकल्या, आता लोकांनी आपापले फोटो फोनवरून पाठवायचे, हे आम्हाला कळलं होतंच. तू आता स्वतः हातभारासाठी अर्ज केलायस, आणि तुझी जुनी फाइल उघडून ते विचारतायत की टेबलाच्या प्रकरणात तुझा हात होता की नव्हता. नव्हता, असं मी शपथेवर लिहून द्यायचं. मुलगी म्हणाली, “आई, आजीची औषधं थांबलीयेत. सही कर ना.” मी तो कागद दोन दिवस वाचला. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, साक्ष खोटी निघाली तर साक्षीदाराचा अर्ज कायमचा बाद. इमारतीत दहा तोंडं आहेत टिटवे, त्यातलं एक उघडलं तरी माझ्या मुलीची शाळा गेली. मागच्या वेळी तुझ्यासाठी खोटं मी बोलले आणि भोगलं तिने. आता नाही. खरंही लिहिलेलं नाही, ते लिहिलं असतं तर दोन ओळींत तुझा निकाल लागला असता. कागद कोराच सोबत परत पाठवतेय. तो कोरा गेला तर तुझा अर्ज बसणार नाही आणि काकूंची औषधं सुरू होणार नाहीत, हे कळण्याइतकी मला अक्कल आहे. पेन हातात धरून बसले तेव्हा तूही अशीच बसली असशील हे मला समजलं. समजलं म्हणून माफ केलं असं मात्र धरू नकोस. एकच मागणं आहे, आणि ते तुझ्याकडे मागावं लागतंय याची मला लाज वाटते. मुलीला मी सांगितलंय की सही केली. ती मला बिलगली आणि आजी आता बरी होईल म्हणाली. कधी फाटकाशी भेटली, तर तिला खरं सांगू नकोस.

सवयीने लिहिलंय, खोडत बसत नाही,
तुझीच
बुटकी